निळ्या पिकअपची धर्मआई

बासिलियाने चाकाजवळ बसलेली कोंबडी पायाने हलकेच सारली, दार उघडलं आणि घागरा गोळा करून स्टिअरिंगमागे चढली. सीटवर मेंढीचं कातडं पसरलेलं होतं. तिच्या वेळी तिथे जुनं पोतं असायचं. डावा पाय आपसूक क्लचवर गेला, उजवा हात गिअरच्या दांड्यावर. दांड्याच्या गोळ्यावरची ओळखीची चीर तळव्याला लागली, तसा तिने हात काढून मांडीवर ठेवला.

"चालू होईल ना?" खालून नेमेसियाने विचारलं. "दोन महिने हललेली नाही."

तिसऱ्या खेपेला गाडी खोकत चालू झाली. अंगणातल्या सगळ्या कोंबड्या तळ्याच्या दिशेने पळाल्या. पुढचा एक दिवा तारेने बांधलेला होता, बॉनेट डावीकडे चेपलं होतं आणि त्यामुळे ती निळी पिकअप एक डोळा मिटून बघत असल्यासारखी दिसत होती. नेमेसियाने पाठीवरचं रंगीत कापड सोडून त्यात बांधलेले बटाटे पायाशी ठेवले, नवऱ्याचा, सेनोनचा, एक बूट काचेजवळ ठेवला आणि दार दोनदा आपटून लावलं. ते दार पहिल्यापासून दोनदाच आपटावं लागतं. बासिलियाने ते सांगितलं नाही, हिलाही आता माहीत होतं.

सेनोनच्या पायाचं प्लास्टर आज पुनातात निघायचं होतं. दोन महिने तो तिथेच आत्याकडे खाटेवर होता. त्याला घरी आणायचं तर गाडी हवी, आणि नेमेसियाला गाडी येत नाही. दीर दोघेही खाली गरम मुलखात मजुरीला गेलेले. म्हणून तिने सान बेनितोला बासिलियाच्या घरी फोन केला होता. गाडी तुमच्या हाताखालची आहे कोमाद्रे, तुम्हीच चला, एवढंच म्हणाली. बासिलियाने सकाळची पहिली बस धरली.

बसमध्ये ती सगळी वाट एकच वाक्य घोकत होती. नेमेसिया, गाडी विकताना मी गिअरबॉक्समध्ये भुसा घातला होता. मोजून आठ शब्द. शेजारी आरानीच्या पावाच्या दोन टोपल्या घेऊन बसलेल्या माणसाला वाटलं, बाई प्रार्थना करते आहे. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि नेमेसियाचं गाव वाकास येईपर्यंत परत घातली नाही. पण अंगणात पोचल्यावर नेमेसियाने गरम सूप पुढे केलं, आणि तोंडात बटाटा असताना असलं काही सांगता येत नाही. मग कोंबडी आली. मग चावी.

तळ्याकाठचा रस्ता सपाट होता. दोन्ही बाजूंना दंवात गोठवून वाळवायला घातलेले बटाटे पसरलेले होते. पहिला गिअर, दुसरा. दुसऱ्यात तीच जुनी घरघर, ओळखीच्या म्हाताऱ्याच्या घोरण्यासारखी. नेमेसिया शेजारणीच्या मेंढ्यांबद्दल बोलत होती. बासिलिया हूं हूं करत होती आणि घरघर ऐकत होती.

जानेवारीत, पीचचा हंगाम भरात असताना, तिने ही गाडी क्लिसाच्या रविवारच्या बाजारात उभी केली होती. तोवर दोन वर्षं गिअरबॉक्स कुरकुरत होता. दुसऱ्यात आवाज यायचा, तिसरा उतारावर सुटायचा, रिव्हर्सला दोनदा विनवावं लागायचं. मेकॅनिक म्हणाला, बॉक्स उतरवून खोलावा लागेल, आठवडा जाईल. भर हंगामात आठवडा कुठून आणायचा? तशी तिला काही नड नव्हती. घरात कुणी आजारी नव्हतं, मुली आपापल्या घरी सुखी होत्या, नवरा स्पेनमधून नेमाने फोन करत होता. नुसता कंटाळा आला होता तिला त्या आवाजाचा. पुढे हेच तिला सगळ्यात जास्त लागत राहिलं. नड असती तर निदान नडीच्या मागे लपता आलं असतं.

शनिवारी दुपारी तिने अंगणात पोतं अंथरलं, गाडीखाली आडवी झाली, बॉक्सचा बाजूचा बोल्ट सोडवला आणि सुताराकडचा निलगिरीचा बारीक भुसा जाड ऑईलमध्ये कालवून आत भरला. भुशाने दातांचा आवाज दबतो. महिनाभर तरी दबतो.

तेव्हा तिला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. पीचच्या पेटीत वरच्या थराला लाल फळं लावतात आणि हिरवी खाली. घेणारा पेटी उलटी करून बघतो. नाही बघितली तर विकणाऱ्याला कुणी बोल लावत नाही. पिकअप घेणाराही आपला मेकॅनिक घेऊन येतो, टेकडीवर नेऊन बघतो, खाली वाकून बोट लावून ऑईलचा वास घेतो. बाजाराची रीतच ती. पण या दोघांनी पेटी उलटली नाही. वरच्या थंड मुलखातली बटाटेवाली माणसं, जन्मातली पहिली गाडी. सेनोनने बाजाराच्या मैदानावर एक फेरी मारली. मैदान ताटासारखं सपाट. आणि त्याची बायको बॉनेटवर हात ठेवून बासिलियाकडे बघत म्हणाली, "मावशी, गाडी चांगली आहे ना?"

"माझ्या हातात कधी अडली नाही," बासिलिया म्हणाली. ते शब्दाला शब्द खरं होतं.

तीन आठवड्यांनी दोघं तिच्या दारात उभी राहिली. बटाट्याचं एक पोतं, टोपलीभर आरानीचा पाव, कोकाची पानं आणि फुलं खोचलेली चिचाची, मक्याच्या दारूची, एक बाटली. बासिलिया भांडणाची तयारी करत होती, आणि बघते तर नेमेसियाने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. कार्निव्हलच्या मंगळवारी नव्या गाडीवर बियर शिंपडायची, तर पहिली बाटली ओतायला गाडीला धर्मआई हवी. ती तुम्हीच व्हा.

बासिलियाने सुटायचा प्रयत्न केला. म्हणाली, तुमच्याकडच्या शाळेच्या बाईंना विचारा, कुणी मोठं माणूस बघा. नेमेसिया म्हणाली, या गाडीला तुमच्याइतकं कोण ओळखतं? आणि पाव, पानं, बाटली घेऊन आलेल्या माणसाला दारातून परत पाठवायची त्या खोऱ्यात रीत नाही. सेनोन आत आलाच नाही. उंबऱ्याशी टोपी हातात फिरवत उभा होता. लाजाळू आहे बिचारा, असं बासिलियाच्या मनात आलं, आणि त्या बिचारा शब्दाने तिला आणखीच कानकोंडं झालं.

मंगळवारी तिने गाडीला ग्लॅडिओलाची माळ घातली, कागदी फिती बांधल्या. पहिला घोट जमिनीला, मग बॉनेटला, मग चारी चाकांना. फटाके वाजले. तेवढ्यात सेनोन म्हणाला, आत गिअरवरही थोडी ओता, कोमाद्रे. तिने ओतली. अर्धी सीटवर सांडली, तसे लोक हसले, धर्मआईला चढली म्हणून. त्या दिवसापासून दोघी धर्माच्या नात्याने एकमेकींच्या कोमाद्रे झाल्या. हे नातं सख्ख्या बहिणींपेक्षा जास्त अदबीचं, आणि मोडायला जास्त अवघड. बहिणी निदान भांडू शकतात.

पहिला फोन त्याच शुक्रवारी आला. दुसऱ्यात जरा गुरगुरते, नेमेसिया म्हणाली, आमचाच हात बसला नसेल. बासिलियाने बसवाल्याकडे ऑईलचा डबा पाठवला. मग तिसरा सुटतो म्हणून फोन. मग रिव्हर्स. मग थंडीत सकाळी पहिला पडतच नाही. दर वेळी नेमेसिया वर माफी मागायची. तुम्ही इतकी सांभाळलेली गाडी, आम्ही आडदांड माणसं, बघा काय करून ठेवलं तिचं. बासिलिया फोन कानाला लावून अंगणातल्या त्या जागेकडे बघत राहायची, जिथे तिने पोतं अंथरलं होतं. मग क्लचची प्लेट पाठवायची, आपला मेकॅनिक पाठवायची, सेनोनसाठी स्वेटर विणून पाठवायची. दोनदा सुकवलेल्या पीचची थैलीही पाठवली. गिअरबॉक्सच्या दुखण्यावर हा उपाय आजवर कुणी सांगितलेला नाही, पण तिने तोही करून बघितला.

एप्रिलमध्ये ती कोचाबांबात जुन्या सामानाच्या गल्लीत जाऊन आख्ख्या गिअरबॉक्सची चौकशी करून आली. एवढं पीचचं वाळवण आटोपलं की घेऊ, असं ठरवून आली. वाळवण आटोपायला आणखी तीन आठवडे होते.

मे महिन्यात, वीस पोती बटाटे घेऊन आरानीच्या उतारावरून येताना तिसरा सुटला आणि नंतर कुठलाच पडला नाही. ब्रेक तापून गेले. सेनोनने दरी सोडून डोंगराच्या अंगाला गाडी घातली. पाय दोन ठिकाणी मोडला. नेमेसिया मागे पोत्यांवर होती, तिला खरचटलं. दीरांनी गाडी ओढत घरी नेली; उभ्या गाडीत गिअर पुन्हा पडायला लागले. बासिलिया कोंबडीचं सूप घेऊन पुनाताला गेली तेव्हा त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. दुखत असेल, आत्या म्हणाली. दुसऱ्या वेळीही भिंतच. तिसऱ्या वेळी बासिलिया सूप आत्याकडे देऊन दारातूनच परत फिरली, आणि सान बेनितोपर्यंत रिकामं पातेलं मांडीवर धरून बसली.

आता खिंड आली. ड्रायव्हर लोकांनी रचलेल्या दगडांच्या राशीपाशी नेमेसियाने थांबायला सांगितलं, उतरली, कोकाची तीन पानं दगडाखाली ठेवली आणि परत येऊन दार दोनदा आपटलं. पुढे सगळा उतारच. खाली लांबवर खोरं दिसत होतं, आरानीच्या चर्चचा मनोरा आगकाडीएवढा.

बासिलियाने दुसरा टाकला, वळण घेतलं, मग तिसरा. आणि नेमेसियाने, मेंढ्यांचं बोलणं जराही न तोडता, डावा हात पुढे करून गिअरच्या दांड्यावर ठेवला. कोपर गुडघ्यावर रोवलं, पंजा आवळला, अंगाचा भार त्यावर टाकला. चुलीवरचं दूध उतू जाऊ नये म्हणून बाई जसं न बघता झाकण सरकवते, तसं.

पुढच्या वळणाला बासिलियाने विचारलं,

"हे काय करतेस?"

"धरलाय. नाहीतर सुटतो."

"कधीपासून धरतेस?"

नेमेसियाच्या मेंढ्या थांबल्या. ती समोर बघत राहिली. बोटांची नखं पांढरी पडली होती.

"कार्निव्हलच्या आधीपासून," ती म्हणाली.

पुढे रस्ता जरा रुंद होता, दगडफोड्यांनी खडी काढून मोकळा केलेला. बासिलियाने गाडी तिथे घेतली, चाकं डोंगराकडे वळवली, हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद केलं. कार्निव्हलच्या आधीपासून. आणि पहिला फोन कार्निव्हलनंतरच्या शुक्रवारी. जरा गुरगुरते. तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

"नेमेसिया, गाडी विकताना मी—"

"निलगिरीचा होता," नेमेसिया म्हणाली.

कुठेतरी वर एक गाढव ओरडलं.

मग नेमेसियाने सगळं सांगितलं, दांडा अजून धरलेलाच. गाडी बंद होती तरी तिचा हात निघाला नव्हता. गाडी घेऊन घरी येतानाच, खिंडीपलीकडच्या उतारावर तिसरा सुटला होता. वाकासच्या कासिमिरो मेकॅनिकने खालचा बोल्ट काढला तर ऑईल येईना, लापशी आली. त्याने बोटावर घेऊन वास घेतला आणि हसला. सेनोन हसला नाही. दोन्ही भावांना घेऊन सान बेनितोला जायचं, बाईला तिच्या दारात, शेजारपाजाऱ्यांसमोर विचारायचं, असं त्याचं ठरलं होतं. भाऊ गाडीत बसलेसुद्धा होते.

"मी म्हटलं, थांब. भांडून काय मिळणार? आज गेलो तर ती चार शिव्या खाईल आणि आतून कडी लावेल. गाडी विकणारी बाई फोन उचलत नाही. कोमाद्रेला उचलावा लागतो."

बासिलियाला तो उंबऱ्यात उभा राहिलेला माणूस दिसला. टोपी गोल गोल फिरवणारा. लाजाळू. तिला आपल्या कानांना ऊब चढल्यासारखं वाटलं. पाच महिने ती या दोघांच्या भोळेपणाने पोखरली गेली होती. दर फोनला, दर माफीला. आणि तो भोळेपणा फुलं खोचलेल्या बाटलीबरोबर विचार करून आणलेला होता. हसू येतंय असं वाटलं, आणि ते येता येता दुसरंच काहीतरी झालं. तिने टोपी काढून डॅशबोर्डवर ठेवली.

"मग माझ्यावर रागव ना," ती म्हणाली. "मला तोंडावर बोल काहीतरी."

"कुठल्या तोंडाने बोलू?" नेमेसियाने आता तिच्याकडे पाहिलं. "सेनोन रोज म्हणायचा, बॉक्स खोलून घेऊ, अर्धे बटाटे विकू आणि खोलून घेऊ. मीच म्हणायचे, दम धर, कोमाद्रे प्लेट पाठवतेय, कोमाद्रे मेकॅनिक पाठवतेय, उद्या बॉक्सही पाठवेल. मला वाटलं मी फार हुशार. आणि उतारावर मी धरायचेच ना. खिंडीपासून आरानीपर्यंत. हात सुजायचा."

ती थांबली.

"त्या दिवशी आम्ही इथेच खिंडीत भांडलो. तो म्हणाला, पुरे झालं, आज बटाटे उतरवले की थेट सान बेनितो. मी म्हटलं, आज नाही. तो म्हणाला, तुला नवऱ्यापेक्षा कोमाद्रेची लाज जास्त. मी उतरले आणि मागे पोत्यांवर जाऊन बसले. तो ओरडला, धरणार कोण? मी पाठ फिरवली. तर म्हणाला, जा, तुझ्या कोमाद्रेला बोलाव धरायला."

बासिलियाने तिच्या हाताकडे बघितलं. पंजाच्या खोबणीत जुना घट्टा पडला होता, फावड्याचा पडतो तिथे नाही, जरा वर.

"मी मागून ऐकला तो सुटताना," नेमेसिया म्हणाली. "खट्."

खालून मालाचा एक ट्रक घरंगळत्या आवाजात चढत आला, ड्रायव्हरने ओळखीचा हॉर्न दिला, दोघींनी एकदमच हात वर केला.

मग नेमेसियाने डोळे पुसले आणि एकदम व्यवहाराच्या आवाजात बोलायला लागली. कोमाद्रे, सेनोनला हे बोलायचं नाही. त्याला माहीत आहे, ते वेगळं. माहीत असलेल्या गोष्टीवर माणूस गप्प बसू शकतो. पण तुमच्या तोंडून ऐकलं की त्याला काहीतरी करावं लागेल, पुरुष आहे तो, भावांना कळेल. मग नातं मोडावं लागेल, ते माळ घालून, चारशे लोकांसमोर जोडलेलं नातं. तुम्ही बाजारात उभ्या राहू शकणार नाही आणि मला फोन करायला कुणी उरणार नाही. आपल्या दोघींत राहू दे.

बासिलियाने मान हलवली. ती होकाराची होती की कसली, हे तिलाही नक्की कळलं नाही. तिने इंजिन चालू केलं. उरलेला उतार दोघी मिळून उतरल्या, एकीने स्टिअरिंग आणि एकीने तिसरा धरून. ज्या जागी डोंगराचा कडा खरवडलेला होता आणि निळा रंग दगडाला अजून चिकटलेला होता, तिथे नेमेसियाने दांडा आणखी घट्ट आवळला.

पुनाताला सेनोन आत्याच्या दारात बाकावर तयार बसला होता. मोकळा झालेला पाय पांढराफटक, दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा बारीक. काठी टेकत उठला, गाडीकडे आला. स्टिअरिंगमागे कोण आहे ते बघितलं. मग बायकोने आणलेला बूट हातात घेऊन उलटा झटकला, आत काही नव्हतं, आणि पायात चढवला.

"नमस्कार, कोम्पाद्रे," बासिलिया म्हणाली.

"नमस्कार."

नेमेसिया मध्ये सरकली, तो खिडकीशी बसला. आत्याने पाव दिला, मक्याचे उकडलेले दाणे दिले, मऊ ओलं चीज दिलं आणि दार एकदाच आपटलं. सेनोनने ते उघडून पुन्हा आपटलं.

आरानीपर्यंत सपाट रस्ता. नेमेसिया एकटीच बोलत होती. कोंबड्या किती राहिल्या, कुत्र्याने काय केलं, दंव यंदा चांगलं पडलं. सेनोनने मान थोडी तिरकी केली होती, कान खाली, पायाकडच्या पत्र्याकडे. आजाऱ्याच्या छातीला कान लावावा तसं ऐकत होता. चढ सुरू झाला, बासिलियाने तिसऱ्यावरून दुसरा घेतला, पुढे रस्ता जरा सपाट झाल्यावर पुन्हा तिसरा टाकला. पाय क्षणभर ॲक्सिलेटरवरून निघाला, आणि दांडा तिच्या डोळ्यांदेखत मागे आला. खट्.

नेमेसियाचं बोलणं बंद पडलं. बासिलियाने दांडा परत लावला.

"तिसरा सुटतो," सेनोन खिडकीतून बाहेर बघत म्हणाला.

कार्निव्हलनंतर त्याने तिला स्वतःहून सांगितलेलं हे पहिलंच. फोन करायची ती नेमेसिया. आता मधून नेमेसियाचं कोपर बासिलियाच्या बरगडीला लागलं, आणि तिथेच राहिलं. काही बोलायची गरज नव्हती. हूं म्हटलं असतं तरी चाललं असतं. क्लच जुनी झाली असेल, असं म्हटलं असतं तर तिघांनीही ते घेतलं असतं आणि ऑगस्टच्या जत्रेला एकमेकांच्या घरी जेवायला गेले असते.

"हो," बासिलिया म्हणाली. "माझ्याकडेही सुटायचा. दोन वर्षं सुटत होता. विकायच्या आदल्या दिवशी भुसा मी घातला. माझ्या हाताने."

कोपर निघालं. नेमेसियाने दोन्ही हात मांडीत घट्ट दाबून घेतले आणि खाली बघितलं.

एक वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या वळणावर तो खरवडलेला कडा आला आणि मागे पडला. बासिलिया रस्त्याकडे बघत चालवत होती. आता तो म्हणेल, थांबवा, उतरा. उतरायचं, बस दुपारी मिळेल, एवढं तिने मनाशी ठरवून टाकलं. टोपी डॅशबोर्डवर आहे, ती विसरायची नाही.

"किती घातला?" सेनोनने विचारलं.

"दोन ओंजळी."

"कासिमिरो म्हणाला तीन."

"दोनच. माझ्या ओंजळी."

त्याने मान वळवून स्टिअरिंगवरच्या तिच्या हातांकडे पाहिलं. मोठे होते, पेट्या उचलणाऱ्या बाईचे. त्याने हिशेब मान्य केल्यासारखा ओठ दाबला.

"सेनोन," नेमेसिया घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मीच तुला त्या दिवशी—"

"गप. ऐकू दे मला."

तो ऐकत होता. चढ तीव्र झाला. गाडी धापा टाकू लागली, तसं त्याने पुढे वाकून पत्र्यावर तळवा ठेवला.

"दुसरा घ्या," तो म्हणाला. "नाही, असा नाही. दोनदा दाबा क्लच. हां. आता."

बासिलियाने दोनदा दाबली. दुसरा घासत पडला. घरघर सुरू झाली.

"ऐकलंत? हा दातांचा नाही. मागच्या बेअरिंगचा आहे."

"मला नेहमी दातांचा वाटायचा."

"म्हणून भुसा." तो मागे टेकला आणि दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलून जरा सरळ केला. खिंडीतली दगडांची रास दिसू लागली, तेव्हा म्हणाला, "उद्या बॉक्स उतरवायचा. आज राहा. भावांना मी काय सांगायचं ते नंतर बघीन."

बासिलियाने मान हलवली. या वेळी ती कसली हे तिला कळलं.

"माझा पाय वाकत नाही अजून," सेनोन म्हणाला. "गाडीखाली तुम्हालाच शिरावं लागेल."